आधी कार्ड कोणाचं?

नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा विषय निघाला की बोलणं फार वेळ रक्तावर टिकत नाही, लगेच सोयरिकीवर येतं. तपासणी सरकारी असते, निकालाचं कार्डही सरकारी. पण ते वाचलं जातं पाहुण्यांच्या बैठकीत. म्हणून हृदय, रक्त आणि रक्तवाहिन्या कशा चालतात हे इथं सांगायचं तर लग्नाच्या बोलण्यातूनच सांगावं, असं मला वाटलं. खालचे मामा आणि भाची ही माणसं मी उभी केलेली आहेत, त्यांचा वाद मात्र खरा आहे. मामा आश्रमशाळेत गणित-विज्ञान शिकवून निवृत्त झाले. भाची रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. दोघंही एकाच आदिवासी गोतातली, त्यामुळे शिकलेली विरुद्ध अडाणी असा हा सामना नाही. मामांच्या नातवासाठी आदिलाबादकडचं स्थळ आलंय. नातू सिकलसेलचा वाहक आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मुलीचं काय, ते अजून कोणी विचारलेलं नाही.

मामा : म्हणजे पाहुण्यांच्या घरी जायचं आणि चहा यायच्या आधी पोरीचं कार्ड मागायचं. मला नाही जमायचं ते. दोघांचे रक्तगट वेगळे आहेत, बस झालं की.

भाची : मामा, रक्तगटाचा याच्याशी काही संबंध नाही. रक्तगट म्हणजे तांबड्या पेशीच्या बाहेरच्या अंगावरची खूण. नवरा-बायकोचा गट एक असो की वेगळा, सिकलसेलला काही फरक पडत नाही. बाई आरएच निगेटिव्ह असली तर बाळंतपणात इंजेक्शनाची काळजी घ्यावी लागते, ती गोष्ट निराळी. सिकलसेल आहे पेशीच्या आत, हिमोग्लोबिनमध्ये.

मामा : हिमोग्लोबिन मला शिकवायलीस?

भाची : शिकवत नाही, आठवण करून देतेय. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू. त्या रेणूच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. त्यातलं सहाव्या जागेवरचं एक बदलतं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. एवढंच.

मामा : 146 पैकी एक. पेपर तपासताना असली चूक मी सोडून द्यायचो.

भाची : शरीराला ती सोडता येत नाही. 1949 मध्ये लिनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचं आणि सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात ठेवलं, तर दोन्ही वेगवेगळ्या चालीनं सरकली. आजाराचं मूळ एका रेणूत सापडलं ते तेव्हा पहिल्यांदा. नेमकं कुठलं आम्ल बदललं ते पुढं व्हर्नन इंग्रॅमनं दाखवलं. आम्ही लॅबमध्ये आजही त्याच तत्त्वावर पट्ट्या काढतो. नेहमीचं हिमोग्लोबिन पुढं पळतं, सिकलसेलचं मागं रेंगाळतं. तुमच्या नातवाच्या रिपोर्टात दोन पट्ट्या आहेत, एक नेहमीची, एक सिकलसेलची; आई-बापांपैकी एकाकडून एक, दुसऱ्याकडून दुसरी. म्हणून तो वाहक, आजारी नाही.

मामा : नाहीच. कबड्डी खेळतो, पोतं उचलतो. मग हृदय, रक्तवाहिन्या हे सगळं कशाला मध्ये आणतेस? आजार रक्ताचा आहे ना?

मला भाचीचं पुढचं बोलणं महत्त्वाचं वाटतं. सिकलसेलवरची बहुतेक पत्रकं रक्तपेशीचं चित्र काढून थांबतात. एकीकडे गोल पेशी, दुसरीकडे विळ्यासारखी, खाली काळजी घ्या. पण माणसाला दुखतं ते पेशी वाकडी आहे म्हणून नव्हे. ती वाकडी पेशी एका अरुंद जागेत अडकते आणि मागचं रक्त थांबतं, म्हणून दुखतं.

भाची : तुम्ही वर्गात हार्वीचा प्रयोग करून दाखवायचात, आठवतो?

मामा : न आठवायला काय झालं?

मामांनी खांद्यावरचा रुमाल दंडाला आवळून बांधला आणि मूठ वळली. म्हातारा हात, त्यात मांस कमी. कोपराखालच्या शिरा लगेच टरारून वर आल्या. शिरेवर मधेमधे बारीक गाठी दिसू लागल्या. त्या गाठी म्हणजे शिरेच्या आतल्या झडपा. मामांनी भाचीला सांगितलं, मनगटाकडच्या बाजूला शिरेवर बोट दाबून धर. मग स्वतःच्या बोटानं तिथून वर, कोपराकडं, एक गाठ ओलांडेपर्यंत रक्त पुसत नेलं आणि ते बोट उचललं. मधला तुकडा चपटाच राहिला. वर रक्त भरलेलं होतं, तरी गाठ ओलांडून ते खाली आलं नाही. भाचीनं खालचं बोट काढलं, तसा तो तुकडा खालून भरला.

मामा : बघ. शिरेतलं रक्त एकाच दिशेनं जातं, हृदयाकडं. विल्यम हार्वीनं 1628 च्या पुस्तकात हे चित्रासकट छापलं. त्याच्या आधी दीड हजार वर्षं लोक गॅलेनचं ऐकत होते. यकृतात रक्त तयार होतं आणि अंगात जिरून जातं, म्हणे. हार्वीनं हिशोब मांडला. आजच्या आकड्यांत तोच करू. एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. मिनिटाला 72 ठोके. किती झालं?

भाची : पाच लिटरच्या वर थोडं.

मामा : अर्ध्या तासात दीडशे लिटर. माणसाचं वजन साठ किलो. जिरून जात असेल तर एवढं नवं रक्त आणायचं कुठून? म्हणून तेच रक्त फिरून येत असलं पाहिजे. मोठे मोठे वैद्य चिडले त्याच्यावर, पण हिशोबापुढं काय करणार? पोरांना मी सांगायचो, भाषणापेक्षा भागाकार खरा.

भाची : पण हार्वीला एक जागा दिसली नाही.

मामा : केशवाहिन्या. त्याच्याकडं चांगली भिंगं कुठं होती? धमनीतून शिरेत रक्त जातं एवढं त्यानं ओळखलं, कुठून जातं ते दिसलं नाही. 1661 मध्ये इटलीत मालपिघीनं बेडकाच्या फुप्फुसात पाहिलं.

भाची : सिकलसेलचा सगळा खेळ त्याच जागी आहे, मामा. महाधमनीत रक्त सेकंदाला तीस-चाळीस सेंटिमीटरनं धावतं. पुढं फाटे फुटत फुटत वाहिन्यांची संख्या इतकी वाढते, की केशवाहिनीपर्यंत येता येता वेग सेकंदाला मिलिमीटरभरसुद्धा राहत नाही. तिथली रुंदी पाच ते आठ मायक्रॉन. तांबडी पेशी साडेसात-आठ मायक्रॉनची. म्हणजे तिला अंग चोरून, दुमडून, एकामागं एक जावं लागतं. बैलगाडीच्या पांदणीसारखं. एक गाडी आडवी झाली की मागच्या सगळ्या गाड्या थांबल्या.

मामा : आणि सिकलवाली पेशी आडवी होते.

भाची : लगेच नाही होत. केशवाहिनीत पेशी आपला प्राणवायू सोडते. प्राणवायू सुटला की सिकलसेलचे हिमोग्लोबिन रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे बनवायला लागतात. ते आतून पेशीला ताणतात, तिचा विळा होतो, ती कडक होते. पण दांडे बनायला थोडा वेळ लागतो, आणि निरोगी चालीत पेशी केशवाहिनी ओलांडते साधारण सेकंदभरात. म्हणून बहुतेक पेशी विळा व्हायच्या आतच पार होतात. फुप्फुसात परत प्राणवायू मिळाला की दांडे विरघळतात. सगळी शर्यत त्या सेकंदाची आहे.

मामा : आणि ती शर्यत हरते कधी?

भाची : वाट संथ झाली की. पाणी कमी प्यालं, ताप आला, जुलाब झाले, की पेशीतलं पाणी कमी होऊन हिमोग्लोबिन दाटतं. थोडंसं जरी दाटलं तरी दांडे बनायचा वेळ कितीतरी पटीनं कमी होतो. थंडी लागली की वाहिन्या आकसतात. काही पेशी वाहिनीच्या अस्तराला चिकटतात, त्यांच्यामागं बाकीच्या अडतात. मग पुढच्या हाडाला, मांसाला प्राणवायू मिळत नाही आणि कळा सुरू होतात. आपल्याकडं डिसेंबरात भल्या पहाटे दवात कापूस वेचायला जातात, दुपारपर्यंत कोणी पाण्याला हात लावत नाही. त्या दिवसांत आमच्याकडं पोरं कळवळत येतात.

मामा : आमच्या लहानपणी याला सांधेवात म्हणायचे. डोळे पिवळे दिसले की कावीळ. मग झाडपाला, भगत, डाग देणं.

भाची : डोळे पिवळे होतात ते पेशी फुटतात म्हणून. साधी तांबडी पेशी 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवस. फुटलेल्या पेशीतल्या रंगद्रव्याचं पिवळं रंगद्रव्य बनतं. यकृत बिचारं ठीक असतं, आणि आपण कावीळ उतरवत बसतो.

मामांचा एक समज खोडायचा राहिला होता, तो मलाही वर्षानुवर्षं ऐकू येतो. आजार रक्ताचा म्हटल्यावर हृदयाचं काय बिघडतं? माणूस अशक्त असतो इतकंच. इथं भाचीनं मामांच्याच शस्त्रानं काम केलं.

भाची : तुम्ही हिशोब केलात, आता माझा करा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर प्राणवायू उचलतं. चांगल्या रक्तात 100 मिलिलिटरला 15 ग्रॅम हिमोग्लोबिन.

मामा : वीस मिलिलिटर प्राणवायू. मिनिटाला पाच लिटर रक्त, म्हणजे पन्नास वेळा वीस. हजार मिलिलिटर.

भाची : नुसतं बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण 250 लागतात. म्हणजे भरपूर शिल्लक. आता सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन साडेसात धरा. सहा ते नऊच्या आसपास बऱ्याच जणांचं असतं.

मामा : निम्मं. पाचशे. तरी अडीचशे जाऊन अडीचशे उरले की.

भाची : बसून असेपर्यंत. माहूरचा डोंगर चढायचा, पाण्याची घागर आणायची, तर गरज कितीतरी पटीनं वाढते. तेवढं देणार कुठून? म्हणून हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, विश्रांतीतसुद्धा. डावा कप्पा वर्षानुवर्षं जास्त भरतो, जास्त ताणतो, मोठा होतो. शिवाय हृदयाला स्वतःलाही रक्त लागतं. ते त्याला मुख्यतः मिळतं दोन ठोक्यांच्या मधे, सैल पडतं तेव्हा. 72 च्या चालीत एका ठोक्याला 0.8 सेकंदांच्या आसपास वेळ. त्यात आवळणं तीन दशांश, बाकी विसावा. ठोके वाढले की विसावाच आधी कापला जातो.

मामा : म्हणजे कमाई निम्मी आणि काम दुप्पट.

भाची : आणि पोटात डाव्या बाजूला पाणथरी. तिथल्या फटी केशवाहिनीपेक्षाही अरुंद. कडक पेशी तिथं आधी अडकतात. लहान पोरात कधी कधी एकदम पाणथरी फुगते, अंगातलं रक्त तिच्यात साठतं आणि पोरगं पांढरंफटक पडतं. आयांना म्हणूनच पोट चाचपायला शिकवायचं असतं. आणि पाणथरी निकामी झाली की न्यूमोनियासारख्या आजारांच्या जंतूंपुढं ढाल राहत नाही. म्हणून लहानपणी पेनिसिलिन आणि लसी. फॉलिक ॲसिडची गोळी कायम. हायड्रॉक्सीयुरिया नावाची कॅप्सूल आहे, ती गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. ते मिसळलं की दांडे सहज जमत नाहीत. बाळ पहिले काही महिने बरं राहतं ते त्याच गर्भातल्या हिमोग्लोबिनमुळं.

मामा : ती कॅन्सरची गोळी आहे म्हणून लोक घेत नाहीत.

भाची : कॅन्सरमध्ये आधी वापरली, हे खरं. पण सिकलसेलला ती कमी मात्रेत देतात, अधूनमधून रक्त तपासून. नाव ऐकून गोळी टाकून देणारे आणि पुढं कळांनी आडवे होणारे मी दोन्ही बघते.

इथपर्यंत मामा ऐकत होते. त्यांची खरी हरकत वेगळी होती आणि ती विज्ञानाविरुद्ध नव्हती.

मामा : आता माझं ऐक. हे जनुक आमच्यात आलं ते काही पाप म्हणून नाही. मलेरियाच्या जंगलात ज्याच्या अंगात एक जनुक होतं तो तग धरून राहिला. अँथनी ॲलिसननं आफ्रिकेत 1954 मध्ये दाखवलं ना? किनवट-माहूरच्या सागवनात हिवताप काय होता ते माझी आजी सांगायची. गोंड, प्रधान, कोलाम, आंध इथं टिकून राहिले यात त्या जनुकाचाही हात आहे. आणि आता तुमच्या कार्डावर तेच दोष म्हणून छापून येतं.

भाची : दोष असं आम्ही लिहीत नाही.

मामा : तुम्ही लिहीत नाही, लोक वाचतात. बरं, वाचतात कुणाचं? मुलाचं कार्ड विचारणारा बाप मी अजून पाहिला नाही. विचारलं जातं पोरीचं. आजारी लेकरू जन्मलं की तेव्हाही आईकडंच बोट. तुझ्या हिशोबात आई-बाप दोघांचं जनुक लागतं, गावाच्या हिशोबात एकटीचं.

भाची : हे खरं आहे.

मामा : आणि आजार फक्त आदिवासींचा असं लोकांच्या डोक्यात बसलंय.

भाची : ते खोटं आहे. शेजारी विदर्भात इतर जातींतही तो कितीतरी आहे. 1910 मध्ये शिकागोत जेम्स हेरिकनं पहिल्यांदा अशा पेशींचं वर्णन छापलं, तो रुग्ण ग्रेनेडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण. भारतात 1952 मध्ये निलगिरीत पहिल्यांदा सापडला. आजार आधीपासून होता, कोणी बघितलं नव्हतं इतकंच. महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. सुदाम काटे पाड्यापाड्यांत जाऊन आदिवासींचं रक्त तपासत राहिले, त्यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. कोणी आपल्यावर शिक्का मारायला आलं नव्हतं, मामा. आपली पोरं कशानं मरतात ते शोधायला आलं होतं.

मामा : काटे सरांचं मी कुठं काय म्हणालो? मी बैठकीचं म्हणतोय.

मला मामांचं पटतं आणि भाचीचं सुटत नाही, असं इथं होतं. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली. आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट. निर्मूलन हे मोहिमेच्या कागदावर शोभतं. पण ते करायचं कुठं, तर एखाद्या मुलीच्या सोयरिकीत. मलेरियाचं निर्मूलन डासावर होतं. इथं डासाच्या जागी माणसं उभी आहेत. मोहिमेतला आरोग्य कर्मचारी हे जाणून बोलला तर लोक कार्ड जपून ठेवतात, नाहीतर ट्रंकेच्या तळाशी टाकतात.

भाची : बरं, नका मागू कार्ड. लग्न लावून द्या. समजा पोरगीही वाहक निघाली. चार लेकरांत एक आजारी, असंच ना?

मामा : पाव हिस्सा. एकाला झाला की बाकी तीन सुटले.

भाची : गणिताचे गुरुजी असून?

मामा हसले. चूक त्यांनी मुद्दाम केली होती की वयानं झाली, ते त्यांनाच ठाऊक.

मामा : प्रत्येक बाळंतपणाला नव्यानं पाव. मागच्याचा पुढच्याशी संबंध नाही. तीन लेकरं झाली तर तिन्ही सुटण्याची शक्यता पाऊणाचा घन. 27 छेद 64. बेचाळीस टक्के.

भाची : म्हणजे तीन लेकरांच्या घरात निदान एक आजारी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. आणि जिच्यात हे जनुक नाही अशा मुलीशी तुमचा नातू लग्न करेल तर एकही आजारी नाही. प्रत्येक लेकरू वाहक होण्याची शक्यता तेवढी निम्मी. मी लग्न मोडा असं म्हणतच नाही. माहीत असू दे, एवढंच म्हणते. दोघं वाहक असले आणि तरी लग्न करायचं ठरवलं तरी वाट आहे. दिवस गेल्यावर दहा-बारा आठवड्यांत गर्भाची तपासणी होते.

मामा : आणि मग काय, पाडायचा?

भाची : ते त्या बाईनं ठरवायचं. मी नाही, तुम्ही नाही.

मामा : ती तपासणी किनवटला होते?

भाची : नाही. मोठ्या शहरात जावं लागतं.

मामा : बघ. गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत यायला दुर्गम पाड्यावरच्या बाईला अर्धा दिवस. पुढं नांदेड म्हणजे हिमायतनगर, भोकर, मुदखेड करत जाणारी गाडी. त्याच्याही पुढं मोठं शहर. तुझ्या निवडीचं भाडं कोण भरणार? कळा आल्या तर सलाइन आणि दुखणं थांबवायचं औषध तरी वेळेत मिळू दे. तुमची मोहीम सोयरिकीपासून सुरू होते, मी म्हणतो दवाखान्यापासून करा.

भाची : दोन्हीकडून करावी लागेल. छातीत दुखून धाप लागली, ताप चढला, एखाद्या पोराचा हात-पाय एकाएकी लुळा पडला, तर घरी थांबायचं नाही हे तरी माहीत हवं. कुणाला सांगायचं ते कळायला आधी कुणाला आहे ते कळायला हवं. लहानपणीच तपासलं तर पेनिसिलिन, लसी, गोळ्या वेळेत. लग्नाच्या वेळेला पहिल्यांदा कळलं, तर ते नुसतं लग्न मोडायच्याच कामाचं.

हा मुद्दा दोघांचा एक होता, आणि त्याच्यावरून वाद मात्र थांबला नाही. मामांचं म्हणणं, मग तपासणी जन्मतः आणि शाळेत करा, निकाल आई-बापाच्या आणि पुढं त्या पोराच्या हातात द्या, आणि पाहुण्यांच्या बैठकीत कार्ड येऊच देऊ नका. भाचीचं म्हणणं, तुम्ही कार्ड बंद दाराआड ठेवलं की ते कुजबुजीत बाहेर येतं आणि कुजबुज नेहमी मुलीविरुद्धच असते. त्यापेक्षा उघड असू दे, पण दोन्हीकडचं.

माझ्या मते भाचीची बाजू थोडी जड आहे, पण मामांची अट लावूनच. दडवलेल्या गोष्टीची किंमत आजवर बायकांनीच दिलीय, म्हणून उघडेपणा हवा. आणि उघडेपणाची सुरुवात ज्याला गमवायला कमी आहे त्यानं करावी, म्हणजे मुलाकडच्यांनी.

मामा : तुझं एक मानतो. शनिवारी जाऊ तेव्हा नातवाचं कार्ड मी माझ्या हातानं पुढं ठेवीन. पोरगा वाहक आहे, तो आजारी नाही, याचा अर्थ काय ते मी नीट सांगेन. किनवट एकेकाळी आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, 1956 ला आपण नांदेडात आलो; तिकडचे लोक काही परके नाहीत. पण पोरीचं मागणार नाही.

भाची : आणि त्यांनी आपणहून दाखवलं नाही तर?

मामा : तर विचारणार नाही.

भाची : मग अर्धंच झालं, मामा. असं करा. पोरगा-पोरगी दोघांनाच एकमेकांशी बोलू द्या. दोघं मिळून तपासणीला येतील. सुईचा एक टोचा, काचेच्या नळीत दोन थेंब. नळीमागं काळ्या रेघांचं कार्ड धरतो आम्ही. रेघा स्वच्छ दिसल्या तर सिकलसेल नाही. पाणी गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर आहे. पण वाहक की आजारी हे त्यावरून कळत नाही, त्याला पट्ट्या काढाव्या लागतात. तो रिपोर्ट यायला वेळ लागतो.

मामा : आणि तो रिपोर्ट कुणाकडं द्यायचा? तिच्या बापाकडं?

भाची : तिच्याकडं. पाकीट बंद करून, तिच्या हातात.

मामा : बापाला न दाखवता?

भाची : तिला दाखवायचं तर ती दाखवेल.

मामा : बैठकीत नातवाचं कार्ड मी ठेवतो. हे मात्र तिच्या बापाला तू येऊन सांग. माझ्यानं नाही व्हायचं.